मरियाच्या टाचा

जस्टिननं नगरजवळ केडगावात घर घेतलं आणि पाळकांना बोलावून घराची प्रार्थना केली, ते वर्ष दोन हजार तेवीस. जस्टिन माझा मुलगा. प्रार्थनेला आलेल्या प्रत्येकाला मोनिकानं, म्हणजे सुनेनं, घर दाखवताना आधी खाली बघायला लावलं, कारण फरशी काळी होती. पॉलिश केलेला काळा ग्रॅनाइट. चालताना आपणच खाली उलटे चालताना दिसायचो. पाहुण्यांनी कौतुक केलं. पाळकांनीही केलं आणि मग नाशवंत वस्तूंवर थोडं बोलले. पारनेरच्या घराला कुलूप लावून मी आणि माझी बायको मरिया तिथे राहायला आलो. सात महिने सगळं ठीक चाललं. म्हणजे मी गच्चीवर बसायचो, मरिया स्वयंपाकघराच्या दारातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायची आणि मोनिका फरशी पुसायची. दिवसातून तीनदा. जमिनीची इतकी सेवा करणारी बाई मी पाहिली नव्हती, आणि आमच्याकडे शेती होती.

डिसेंबरात थंडी पडली. नगरची थंडी कोरडी असते, ओठ आधी सांगतात. एका सकाळी मी चहाचा कप ठेवायला आत गेलो तर मोनिका फडकं हातात घेऊन खुर्चीपाशी उभी होती. "आई, पीठ सांडलंय इथं." मरिया म्हणाली, "म्या न्हाई सांडलं. सकाळधरनं हितून उठले न्हाई." "मग पांढरं काय आहे हे? कालही होतं." मी वाकलो आणि बोटावर घेतलं. पीठ बोटाला चिकटतं, हे घसरलं. मला लगेच कळलं. असा कोंडा मी छत्तीस वर्षं केरसुणीनं गोळा केला होता. ती कातडी होती. मरियाच्या नडग्यांची आणि टाचांची कातडी झडून त्या काळ्या दगडावर पडली होती. पारनेरच्या सारवलेल्या जमिनीवर ती किती वर्षं पडत होती, कुणाला दिसली असती? मी मोनिकाला सांगितलं काय आहे ते. ती "अच्छा" म्हणाली. मग तिनं फडकं नेहमीच्या बादलीत न बुडवता मोरीतल्या जुन्या बादलीत बुडवलं. तिला वाटलं मी पाहिलं नाही. वेगळी बादली मला एक मैलावरून दिसते.

मी कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात ड्रेसर होतो, जखमा धुऊन पट्ट्या बांधायचो. मिशनचा दवाखाना, गावाबाहेर, कडुनिंबांच्या मागे. लग्न झालं त्याच वर्षी नोकरी लागली, आणि नोकरी लागल्याचं कळताच सासूबाई पारनेरला आल्या नि ओसरीत बसून म्हणाल्या, "भाकरी मिळतीय तर करा. पर हात धुतल्याबिगर माज्या लेकीला शिवायचं न्हाई." आमच्या चर्चमधली माणसं येशूनं कुष्ठरोग्याला हात लावला हे दर वर्षी ऐकायची आणि बाहेर पडताना माझ्याशी लांबून बोलायची. मरियानं आईचं म्हणणं मनावर घेतलं. रोज संध्याकाळी मी सायकलवरून उतरलो की ती अंगणात गरम पाण्याची बादली आणि लाल साबण घेऊन उभी असायची. आधी माझे हात कोपरापर्यंत. मग कपडे, सोड्याच्या पाण्यात वेगळे. मग तोच लाल साबण लावून ती स्वतःचे हात नि पाय दगडानं घासायची, कारण माझं पाणी तिच्या पायांवरून वाहिलेलं असायचं. छत्तीस वर्षं. मी निवृत्त झालो तरी साबण बदलला नाही. केडगावच्या न्हाणीघरात मोनिकाच्या सुगंधी बाटल्यांच्या रांगेत आमची लाल वडी ठेवलेली असायची, आणि मरिया अजून सकाळ-संध्याकाळ तिनंच पाय घासायची. लोकांचा रोग माझ्या घरात आला नाही. त्याची भीती मात्र आली, आणि ती माझ्या बायकोच्या पायांवरची साय काढत बसली.

मरियाला बारा वर्षं साखर होती. गोळ्या घ्यायची, घेतल्या नाहीत तर घेतल्या म्हणायची. ऑक्टोबरात डॉक्टरांनी तिच्या तळव्याला नायलॉनचा बारीक दोरा लावून विचारलं होतं, लागतंय का. दहातल्या सात ठिकाणी तिला लागलं नाही. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "काका, पायाला जखम होऊ देऊ नका. या पायाला एक जखम झाली तर पाय जातो, आणि पायामागून माणूस जातं." मी मान हलवली. मनात हसलो. हा माणूस जन्मला नव्हता तेव्हापासून मी बधिर पाय बघत आलो होतो. दोऱ्याच्या ऐवजी आम्ही मोराच्या पिसाचं टोक वापरायचो.

नात आराधना, जस्टिनची मुलगी, त्या वर्षी फार्मसीचा डिप्लोमा पास होऊन सावेडीच्या एका दुकानात लागली होती. औषधांचं दुकान नव्हे. नुसत्या चेहऱ्याच्या वस्तूंचं दुकान. मी एकदा गेलो होतो तिथे, तिला डबा द्यायला. काचेची कपाटं, कपाटांत दिवे, दिव्यांत बाटल्या, आणि बाटल्यांसमोर नगरच्या सधन बायका दवाखान्यातल्या रांगेत उभं राहावं तशा गंभीर चेहऱ्यानं उभ्या. एका बाईच्या हातावर आराधना एक थेंब ठेवून सांगत होती की त्वचेची भिंत असते, ती पडते, मग आतलं पाणी उडून जातं. ती बाई भिंत पडल्याच्या बातमीनं खचून गेली होती. तिची कातडी उत्तम होती. तिला मी आमच्या वॉर्डात अर्धा तास बसवली असती तर आयुष्यभर आरशाकडे गेली नसती. माणसाला दुःख नसलं की तो बाटलीतून विकत आणतो, असं मनाशी म्हणत मी डबा ठेवून निघालो.

आराधनाला हे वेड लागायचं कारण मला माहीत होतं. सतरा वर्षांची असताना तिनं गोरं होण्याचं एक मलम गुपचूप लावलं, सहा महिने. आधी गोरी झाली, सगळ्यांनी वाखाणलं. मग चेहरा सोलला. लाल, पातळ, पाणी लावलं तरी आग. वर्षभर ती चर्चला आली नाही. तिच्याशी मी तेव्हा बोललो नाही. छत्तीस वर्षं मी अशा माणसांत होतो ज्यांना आपलं जुनं तोंड परत मिळावं एवढंच हवं होतं, आणि ही देवानं दिलेलं धड तोंड रंगासाठी जाळून बसली. त्यातून ती बाहेर कशी आली ते मी बघितलं नाही. एकेक वस्तू बंद करत आली म्हणे. साबण बंद, वास असलेलं बंद, झोंबणारं बंद. मग मागे जे उरलं त्याची नावं पाठ केली.

कोंडा सापडला त्या संध्याकाळी ती आली, बूट काढले आणि सरळ जमिनीवर बसून आजीचा पाय मांडीवर घेतला. मी बघत होतो. पन्नास वर्षांच्या संसारात तो पाय मी त्या उजेडात कधी बघितला नव्हता. टाचेला खोल भेगा, कडा पिवळ्या आणि कडक, नडगीवर खवले. असल्या टाचा मी आयुष्यभर हाताळल्या होत्या, त्यातली एकही माझ्या घरची नव्हती.

"आजी, कशानं धुतेस?"

"साबनानं. कशानं धुत्यात?"

"लाल?"

"मग? निळा असतो व्हय?"

आराधना उठली, न्हाणीघरातून वडी आणली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. माझ्याकडे न बघता. "हा भांड्यालासुद्धा वापरू नकोस."  मी म्हणालो, "त्या साबणावर हे घर उभं आहे." आराधना म्हणाली, "घर उभं राहिलं आजोबा, आजीची साल गेली."

दुसऱ्या दिवशी तिनं दुकानातून पिशवी भरून आणली आणि जेवणाच्या टेबलावर बाटल्या-ट्यूबा मांडल्या. मला शेजारी बसवलं. "पुढची बाजू वाचू नका, ती विकायला असते. मागची वाचा. जे जास्त घातलंय त्याचं नाव आधी. पहिली पाच नावं वाचली की बाटली कळते." मला वाचता येतं ते उशिरा आलं, चौतिसाव्या वर्षी, आणि तेही बरण्यांवरून. दवाखान्यात रंगनाथ नावाचा पेशंट होता, आजारापूर्वी प्राथमिक शाळेत मास्तर. बोटं वळून गेलेली, खडू तळहाताला बँडेजनं बांधून लिहायचा. तो म्हणाला होता, "प्रभुदास, अ-आ-ई पोरांना. तू तुझ्या रोजच्या बरणीपासून सुरू कर." म्हणून मी शिकलेला पहिला शब्द व्हॅसलीन. इंग्रजी अक्षरंही मग बाटल्यांवरून ओळखीची झाली. तेव्हा आता हे पोरगं मला बाटली कशी वाचायची ते शिकवणार होतं. मी चष्मा लावला. मोनिकानं सासूला दिलेल्या गुलाबी बाटलीवरचं तिसरं नाव मी अक्षर लावून वाचलं. अल्कोहोल.

"दारू हाय व्हय त्यात?" मरिया म्हणाली.

"प्यायची नाही गं. पण ओढून घेते ओलावा. सुकवते."

"सुकवतीच. तुजा पणजा असाच सुकून गेल्ता."

आराधना हसली. मोनिका हसली नाही, बाटली तिची होती. मग एकेक बाटली बाद होत गेली. यात लिंबू आहे, झोंबेल. यात वास घातलाय, वासाचं टाचेला काय करायचं. हे साल काढणारं आम्ल, ज्याची सालच राहिली नाही त्याला हे लावायचं म्हणजे छळ. हायलुरॉनिक नावाचं एक मोठं प्रकरण होतं, त्याची चिमुकली बाटली राजवाड्यात ठेवावी अशी. ते तिनं उचलून बाजूला केलं, "हे चेहऱ्याचे लाड." शेवटी दोन वस्तू उरल्या. एक पांढरी ट्यूब. तिच्यात ग्लिसरीन, ते पाणी धरून ठेवतं. सिरॅमाइड, तो विटांमधला चुना, साबणानं तोच धुतला जातो. आणि युरिया, दहा टक्के, तो कडक टाच मऊ करतो.

"युरिया?" मरियानं पाय मागे घेतला. "कांद्याला टाकत्यात त्यो?"

"तोच."

"मंग दोन गोनी हायत पारनेरला. उगं इकत कशाला आनला."

दुसरी वस्तू साधी व्हॅसलीन. आधी पहिलं, त्यावर हिचं झाकण. बोटांच्या मधे मात्र काही लावायचं नाही. मला मजा वाटली. एवढी कपाटं, एवढे दिवे, आणि शेवटी माझ्या पहिल्या शब्दापाशी आली. मी म्हणालो, "त्याला एवढी यादी कशाला? बादलीत पाय भिजवायचे वीस मिनिटं. दगडानं घासायचे. पुसायचे नाहीत, ओल्यावरच तेल लावायचं. हजारो पाय वाचवलेत मी असे." आमच्या दवाखान्यात सिमेंटचा लांब हौद होता, काठावर पंधरा-वीस जण पाय सोडून बसायचे. भिजवा, घासा, तेल लावा, हे मी रोज ओरडायचो. आराधनानं मान हलवली. "ते पाय वेगळे होते आजोबा. साखरेच्या पायाला भिजवायचं नसतं. कातडी फुगते, बोटांत ओल राहते, चीर पडते. आणि पाणी गरम लागलं तर तिला कळणारही नाही." मी विचारलं, "हे दुकानात शिकवतात?" ती म्हणाली, "कॉलेजात." असं बोलताना तिचा आवाज चढला नव्हता, आणि नेमकी तीच गोष्ट मला सहन झाली नाही. कुणी ओरडून बोललं तर उत्तर देता येतं.

नाताळपर्यंत फरशीवर कोंडा पडायचा थांबला. हे मी कबूल करतो. आराधना रोज दुकानातून आली की पाय मांडीवर घ्यायची, कोमट पाण्यानं साबणाशिवाय पुसायची, मलम लावायची, आणि दोघी काहीबाही बोलत बसायच्या. भेगांच्या कडा खाली बसल्या. नाताळच्या उपासनेला मरिया सँडल घालून आली, मोज्यांशिवाय, आणि बसल्या जागी पाय पुढे करून बायकांना दाखवत होती. बायका वाकून बघत होत्या. यातल्या कितीएक बायकांनी त्या पायांचा स्पर्श होऊ नये म्हणून आयुष्यभर साडीचा घोळ आवरून धरला होता. आता त्यांना मलमाचं नाव हवं होतं. मी पुरुषांच्या बाजूला बसून तारणाऱ्याच्या जन्माची गाणी रागानं म्हणत होतो. मला राग कशाचा येत होता? पाय बरा झाला याचा कुणाला राग येतो का? मला येत होता. माझं छत्तीस वर्षांचं काम एका ट्यूबच्या मागच्या बाजूवर लहान अक्षरांत छापलेलं होतं, आणि माझं नाव पहिल्या पाचांत नव्हतं.

जानेवारीत दुकानानं आराधनाला शिक्षणासाठी तीन आठवडे पुण्याला पाठवलं. जाताना तिनं मोनिकाला सगळं दोनदा समजावलं. पहिल्या संध्याकाळी मोनिका ट्यूब घेऊन आली, सासूसमोर स्टूल ओढलं, आणि खिशातून रबरी हातमोजे काढले. पातळ, निळे. ते तिनं बोटाबोटात ओढून बसवले, चट्‌ चट्‌ आवाज करत.  मरियानं साडी गुडघ्यांवरून खाली ओढली. आमच्या दवाखान्यात परदेशी सिस्टर होती, सत्तर वर्षांची, तिनं उघड्या हातांनी जखमा धुतल्या, आणि इथे आठ पिढ्या ख्रिस्ती असलेल्या घरातली सून सासूच्या टाचेला हातमोज्याशिवाय शिवणार नव्हती. मी मोनिकाला म्हणालो, "राहू दे, मी बघतो." तिनं एकदाही "नको" म्हटलं नाही. मोजे काढताना तिच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली, तिच्याबद्दल मी तिला अजून माफ केलेलं नाही, जरी माफ करावं अशी गोष्ट तिनं केलीच नव्हती. पुढे जे केलं ते मी केलं.

ट्यूब मी कपाटावर ठेवून दिली आणि बादली आणली. गीझरचं पाणी, थोडं गार मिसळून. हात घालून बघितलं, कोमट होतं. मरियाचा पाय उचलून मी पाण्यात ठेवला आणि खाली पाटावर बसलो. मला तेव्हा कळलं की तिचा पाय मी पहिल्यांदा हातात घेतोय. तिलाही कळलं असावं.

"अवो, पाय काय धरताय. कुनी बघितलं तर काय म्हनंल."

"म्हणू दे. छत्तीस वर्षं लोकांचे धरले."

"लोकांचे धरले तवा पगार हुता."

"गरम लागतंय का?"

"काय की," ती म्हणाली. "बरं वाटतंय."

काय की. वॉर्डात हे उत्तर आलं की सिस्टर केसपेपरवर लिहायची, संवेदना नाही. मी ते पूर्वी हजार वेळा ऐकलं होतं. त्या संध्याकाळी ऐकलं आणि पाय चोळत राहिलो. ती भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसली होती. कधी नव्हे ते बोलायला लागली. लग्नात माझ्या काकानं तांदूळ उधळायच्या ऐवजी तिच्या डोळ्यात कसे मारले. पहिल्यांदा मी दवाखान्यातून आलो तेव्हा हात धुताना ती रडली होती, आणि मला वाटलं होतं धुरानं. "आईला भ्यायले हुते म्या. तुमाला न्हाई," ती म्हणाली. वीस मिनिटं झाली, तीस झाली, पाणी गार झालं की मी वर गरम ओतायचो. पाय काढवत नव्हता. मलम लावायला दोन मिनिटं लागतात. बादलीला अर्धा तास लागतो. मला तो अर्धा तास हवा होता. असं सरळ कुणाजवळ म्हणालो असतो तर कुणी अडवलं असतं का? पण नवऱ्यानं बायकोचा पाय धरायला आमच्याकडे काहीतरी कारण लागतं, आणि माझ्याजवळ मी एक कारण आयुष्यभर बाळगून होतो. ते कारण वापरायला मिळालं. आराधनाच्या यादीपेक्षा माझी बादली थोर आहे असं मी रोज मनात म्हणत होतो, आणि थोडं मोठ्यानंही.

पाचव्या दिवशी करंगळीच्या बेचक्यातली कातडी पांढरी, सुरकुतलेली दिसली. मेलेली कातडी सुटतेय, मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या कुणाच्या पायात ती दिसली असती तर मी हौदातून त्याला उठवला असता. नवव्या दिवशी डाव्या टाचेवर फोड आला, रुपयाएवढा, पाण्यानं भरलेला. तो कशानं येतो ते मला माहीत होतं. हौदाशी नवा पेशंट आला की मी त्याला पहिलं हेच शिकवायचो, पाणी तळहातानं बघायचं नाही, कोपरानं बघायचं, कारण काम केलेल्या तळहाताला काही कळत नाही. मी नऊ दिवस तळहातानं बघत होतो.

मग मी जे केलं ते करायला अडाणी माणूस चालत नाही. त्याला शिकलेला लागतो. फोड मी स्वतः उघडला, स्वच्छ धुतला, चोख पट्टी बांधली. छत्तीस वर्षांत बांधली नसेल इतकी सुबक. वर मोजा चढवला. मरियाला म्हणालो, या पायाचं भिजवणं झालं, थंडी आहे, मोजा काढू नकोस. मोनिका काही विचारणार नव्हतीच. आराधनाचा रोज मोबाईलवर फोन यायचा, चेहरा दिसणारा.

"आजी, पाय दाखव."

"झोपलीय ती," मी म्हणालो.

"आजोबा, मागे बसलेली दिसतेय."

"बसल्या बसल्या झोपलीय."

मरिया मागून म्हणाली, "झोपलीय गं म्या." दोघी हसल्या. मीही हसलो.

सहा दिवस मी पट्टी बदलत होतो. डॉक्टरकडे नेलं असतं तर त्यानं विचारलं असतं, कशानं झालं. त्या पोरसवदा माणसाच्या तोंडून मला तो प्रश्न ऐकायचा नव्हता. एवढीच गोष्ट होती. दुसरं काही कारण मी नंतर पुष्कळ शोधलं, सापडलं नाही. उजवा पाय मात्र मी बादलीत घालतच होतो, कारण तो थांबवला असता तर मरियानं का म्हणून विचारलं असतं. चौथ्या दिवशी पट्टीला वास आला. वास मला कुणी ओळखून द्यायला नको होता.

सोळाव्या संध्याकाळी आराधना न कळवता आली. शनिवार होता, सुट्टी घेतली होती. मी पाटावर बसलो होतो, बादली भरलेली, मरियाचा उजवा पाय मांडीवर, आत सोडायचा बाकी. आराधनानं पिशवी ठेवली, कपाटावरची ट्यूब बघितली, डाव्या पायातला मोजा बघितला. मग वाकून बादलीत हात घातला आणि लगेच बाहेर काढला. हात मनगटापर्यंत लाल झाला होता. तिनं तो ओढणीत धरला.

"आजोबा, हे तुम्हाला कोमट वाटतं?"

मी म्हणालो, "तुझ्या हातांना सवय नाही." खरंच असं म्हणालो. तेव्हाही.  ती खाली बसली, मोजा काढला, पट्टी सोडली. जखम बघितली. मग मला म्हणाली, "पट्टी छान बांधलीये," आणि जस्टिनला हाक मारायला बाहेर गेली. मरियानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काय झालंय वो? लई हाय का?" ती विचारत होती. तिचा पाय होता आणि तिला मला विचारावं लागत होतं.

रात्रीच तिला दवाखान्यात नेलं. पहिल्या दिवशी ताप, दुसऱ्या दिवशी पाय घोट्यापर्यंत काळा-निळा, तिसऱ्या दिवशी जस्टिननं गुडघ्याखालून पाय काढायच्या कागदावर सही केली. मी करत होतो, पेन घेतलंही होतं. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही राहू द्या." फार सौम्यपणे म्हणाला. बाहेरच्या बाकावर बसून मी डोळे मिटले आणि आराधनाला म्हणालो, तुझ्या पेनचं टोक माझ्या तळहाताला लाव, दहा ठिकाणी, लागलं की मी हो म्हणेन, ते मोज. तिनं लावलं. मी चार वेळा हो म्हणालो. ती म्हणाली, "आजोबा, तुमची साखर कधी बघितलीय?" मी म्हणालो, नाही. छत्तीस वर्षं दुसऱ्यांचा बधिरपणा मोजून केसपेपरवर लिहिला, स्वतःचा कधी मोजला नव्हता. तिनं माझा हात सोडला नाही. उलटा करून बघितला, भेगा बघितल्या, पिशवीतली ती पांढरी ट्यूब काढली आणि न विचारता तळव्यावर, बोटांवर चोळायला लागली. मला ते लावून घ्यायचं नव्हतं. समोर बसलेली माणसं बघत होती. माझ्यासारख्या माणसावर एवढी काळजी वाया घालवणाऱ्या पोरीचा मला तिटकारा आला, आणि हात मी तसाच तिच्या हातात राहू दिला.

पाय काढला, त्यानंतर आत मरिया पाच दिवस शुद्धीत येत-जात होती. एकदा मला म्हणाली, "बादली उचलून ठिवा, कुनाचा तरी पाय पडंल." मी ठेवली म्हणालो. पाळक येऊन प्रार्थना करून गेले. मोनिका रोज डबा घेऊन आली, सासूचं तोंड पुसलं, हातमोज्यांशिवाय. तेही माझ्या नजरेतून सुटलं नाही, आणि ते बघूनही मी तिला काही चांगलं बोललो नाही.

माझी बायको मरिया प्रभुदास भिंगारदिवे, वय अडुसष्ट, रविवार दिनांक अकरा फेब्रुवारी दोन हजार चोवीस रोजी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, डाव्या टाचेच्या जखमेचं विष रक्तात पसरून वारली.